परतीची तजवीज

वैद्यकीय पदवी पदरात पडलेले तरुण परदेशगमनाचा विचार मनात घोळू लागला की ज्या वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्यावयास जातात, त्यांच्यात माझी गणना गेली काही वर्षे होऊ लागली आहे. या तरुणांशी बोलताना एक गोष्ट वारंवार माझ्या ध्यानात येते. परीक्षा कोणती, तिचे शुल्क किती, व्हिसाची मुदत केवढी, राहण्याची सोय कोठे, या जाण्याच्या बाबतीत त्यांची माहिती माझ्यापेक्षा कितीतरी ताजी असते. परंतु परत यावयाचे कधी, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या कागदांच्या बळावर, असे विचारताच ‘ते पुढचे पुढे’ एवढेच उत्तर मिळते. यांतील बहुतेकांना परत यावयाचे असते, हे आईवडिलांविषयी ते ज्या तऱ्हेने बोलतात त्यावरूनच मला कळते. १९८१ साली मी इंग्लंडास गेलो आणि १९९८ साली सातारा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी परतलो; या दोन सालांच्या दरम्यान आणि त्यानंतर जे भोगले, पाहिले आणि शिकलो, ते या तरुणांच्या हाती द्यावे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

माझे म्हणणे असे की, परदेशातील वैद्यकीय नोकरीत मिळणारी प्रत्येक बढती डॉक्टरला त्या देशाच्या रोगांशी, यंत्रांशी आणि कायद्यांशी अधिक घट्ट जुळवून घेते, आणि त्याच प्रमाणात स्वदेशाच्या गरजेपासून त्याला दूर नेते. बढतीचा आनंद मनात असताना ही वजाबाकी कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ज्याला परतावयाचे आहे त्याने, काय शिकावयाचे आणि किती उंचीवर थांबावयाचे, याचा आपल्या गावाकडे पाहून आधीच निश्चय केला पाहिजे.

हा विचार माझ्या पदरचा नाही. आपल्या मराठी मुलखात परतून आलेल्या वैद्यांच्या चरित्रांत तो स्पष्ट दिसतो. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्यांनी पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय आपल्याकडील हिंदू स्त्रियांचे प्रसूतिशास्त्र हाच होता, आणि कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक केली ती त्या अमेरिकेत असतानाच. क्षयाने त्यांना ते काम करू दिले नाही, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचा अंत झाला, हे आपले दुर्दैव; पण शिक्षणाचा विषय आणि परतीचे ठिकाण या दोहोंची गाठ त्या तरुण वयातही त्यांनी घालून ठेवली होती, हे विसरून चालणार नाही. पुढे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत शिकून १९७० साली जामखेडास आले, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीस गेले. दोन्ही दांपत्यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून आणले ते सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र, म्हणजे जेथे परतावयाचे तेथे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल असे ज्ञान. तेथे हृदयावरील शस्त्रक्रियेपासून मेंदूच्या सूक्ष्म विकारांपर्यंत काहीही शिकण्याची सोय होती. त्यांतून त्यांनी काय निवडले, ते प्रत्येक तरुणाने पाहावे.

मला मात्र निवडीची मुभा फारशी मिळाली नाही, आणि आजच्या तरुणांनाही ती वाटते तितकी मिळत नाही. मी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलो तेव्हा भारतीय पदवी इंग्लंडात आपोआप मान्य होण्याचा काळ संपला होता. १९७५ साली तेथील जनरल मेडिकल कौन्सिलने ती मान्यता काढून घेतली होती आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी भाषेची आणि वैद्यकज्ञानाची परीक्षा सुरू केली होती. ती उत्तीर्ण झाल्यावर कोठेतरी बिनपगारी उमेदवारी करावयाची, मग दर आठवड्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या जाहिरातींची पाने चाळून सहा-सहा महिन्यांच्या जागांसाठी अर्ज पाठवावयाचे, एक जागा संपत आली की दुसरीसाठी धावाधाव करावयाची आणि दरवेळी नव्या गावी बिऱ्हाड हलवावयाचे, असा तो क्रम असे. हृदयविकार, पोटाचे विकार यांच्या जागा हिंदी डॉक्टरांच्या हाती क्वचितच लागत. आमच्यासाठी मोकळे असत ते वृद्धांचे, मनोरुग्णांचे आणि मतिमंदांचे वॉर्ड, अथवा वेल्सच्या खाणखोऱ्यांतील आणि उत्तरेकडील गिरणगावांतील सामान्य व्यवसाय. ही केवळ आमची भावना होती असे कोणी समजू नये. १९९३ साली सॅम एव्हरिंग्टन आणि अनीस इस्माईल या दोन डॉक्टरांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज काही इंग्रजी आणि काही आशियाई नावांनी पाठवून पाहिले, तेव्हा इंग्रजी नावांना मुलाखतीची बोलावणी दुप्पट आली, आणि हा निष्कर्ष त्याच ब्रिटिश मेडिकल जर्नलने प्रसिद्ध केला.

असा मी लँकेशायरमधील एका जुन्या गिरणगावी वृद्धवैद्यकात येऊन पोहोचलो. आमचे वॉर्ड होते ती इमारत एके काळी अनाथ-अपंगांचे दरिद्रालय होती, आणि तेथील म्हाताऱ्यांना ते ठाऊक असल्यामुळे त्या दारातून आत येताना त्यांच्यातील कित्येकांना रडू फुटे. परंतु याच शास्त्राने मला जे दिले त्याची किंमत मला पुढे कळली. १९३५ च्या सुमारास लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरेन या बाईंनी, वर्षानुवर्षे अंथरुणास खिळलेल्या निराधार वृद्धांची एकेक करून तपासणी केली, प्रत्येकाच्या आजाराचे निदान केले, त्यांना उठवून बसविले, बसलेल्यांना उभे केले आणि कित्येकांना घरी पाठविले. वृद्धांचे वैद्यक म्हणून जे आज ओळखले जाते त्याचा पाया तो आहे. त्यात महागडे यंत्र नाही. वेळ, निरीक्षण आणि परिचारिकेच्या, व्यायामोपचारकाच्या व डॉक्टरच्या कामाची सांगड, एवढेच त्याचे भांडवल.

एमआरसीपी झालो, रजिस्ट्रार झालो, पुढे कन्सल्टंट झालो. आणि येथपासूनच, जिच्याविषयी मी सावध करू इच्छितो ती गोष्ट सुरू झाली. हाउस ऑफिसर असताना मी रात्रीच्या पाळीत छातीत दुखणाऱ्यापासून विषबाधेपर्यंत सर्व प्रकारचे रुग्ण पाहत असे, शिरेत सुई घालणे, फुप्फुसाभोवतीचे पाणी काढणे, पाठीच्या कण्यातील द्रव काढणे ही कामे स्वतःच्या हाताने करीत असे. रजिस्ट्रार झाल्यावर त्यांतील निम्मी कामे हाताखालच्यांकडे गेली. कन्सल्टंट झाल्यावर माझ्या दिवसाचा मोठा हिस्सा पक्षाघाताच्या एका विशेष कक्षात, समित्यांच्या बैठकांत आणि पत्रे सांगून लिहवून घेण्यात जाऊ लागला. माझा मान वाढला, वेतन वाढले. हात मात्र रिकामे झाले. आमच्या वर्तुळात जो तो ‘आणखी दोन वर्षे’ म्हणत असे, आणि असे म्हणताना प्रत्येक जण मनापासून बोलत असे. घरकर्जाची मुदत, मुलाची परीक्षा, एक पायरी वरची जागा, या तिन्ही गोष्टी एकदम कधीच संपत नसत; एक संपावयास आली की दुसरी उभी राहिलेली असे.

माझ्या बाबतीत ही साखळी तुटली ती आप्पांच्या आजारामुळे. माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. मला येणाऱ्या त्यांच्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर ते कोणत्या तारखेच्या पत्राचे उत्तर आहे याची नोंद असे, आणि मी कधी परतणार हे त्या पत्रांत त्यांनी एकदाही विचारले नाही. १९९६ साली त्यांचे उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. दादाने फोनवरून सांगितले की डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली आहे, आप्पा शांत पडून असतात, हाताने पाणी पाजतो. पक्षाघाताच्या रुग्णाला गिळता येते की नाही हे तपासल्यावाचून पाणी पाजू नये, त्याला दोन-दोन तासांनी कुशीवर वळवावे, प्रकृती स्थिर होताच धरून बसवावे, लुळा खांदा ओढून उचलू नये, हे मी परक्यांच्या मुलांना रोज सांगत होतो. आणि माझे स्वतःचे वडील उताणे निजून होते. रजा घेऊन मी येऊन पोहोचलो तोवर त्यांच्या माकडहाडावर तळहाताएवढी जखम झाली होती. दादाने आणि वहिनींनी सेवेत तिळमात्र कसूर केली नव्हती. दोघांच्या डोळ्यांखाली जागरणाची काजळी होती. नव्हते ते फक्त हे सांगणारे कोणी.

त्या रजेत दादाला, वहिनींना आणि शेजारच्या एका धट्ट्याकट्ट्या मुलाला मी आप्पांना वळविण्यास, बसविण्यास, काठावर पाय सोडून तोल सावरावयास लावण्यास शिकविले. गावातल्या सुताराने चार पायांची काठी करून दिली. जखम भरून यावयास काही महिने लागले, बोलणे पुरतेपणी आले नाही. पण आप्पा अंगणातून ओट्यापर्यंत चालू लागले, आणि पुढे चार वर्षे चालत राहिले. हे सर्व करताना मला जे दिसले ते असे: त्या विलायती रुग्णालयातील माझ्या कामापैकी जो भाग सर्वांत प्रतिष्ठेचा होता त्यातले आमच्या ओसरीवर काही उपयोगी पडले नाही, आणि जो सर्वांत साधा होता, परिचारिकांकडून शिकलेला होता, त्याने माणूस उभा केला. आपल्याकडे तेव्हा या शास्त्राचे नावही फारसे कोणास ठाऊक नव्हते. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात वृद्धवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण त्याच वर्षी सुरू झाले. परतण्याचा निर्णय मी तेथेच घेतला.

आता कागदपत्रांविषयी. हा विषय रुक्ष असला तरी तरुणांनी तो सर्वांत लक्षपूर्वक वाचावा, कारण वैद्य परततो तो भावनेच्या बळावर, पण त्याला काम करू देतात ते दाखल्यांच्या बळावर. इंग्लंडातील वैद्यकीय पदव्यांना आपल्याकडे असलेली मान्यता १९७८ च्या नोव्हेंबरानंतर मिळालेल्या पदव्यांना लागू नव्हती. साहजिकच मी परतलो तेव्हा माझी एमआरसीपी आणि इतक्या वर्षांचा विशेषज्ञाचा अनुभव शासनाच्या दप्तरी शून्य होता. एमबीबीएस म्हणून व्यवसाय करण्यास आडकाठी नव्हती; पण वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक होण्याची जी माझी फार इच्छा होती, ती तेथेच संपली. २००८ साली हा नियम बदलला, आणि इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांतील, तेथे विशेषज्ञ म्हणून काम करण्याचा हक्क देणारी पदव्युत्तर पात्रता आपल्याकडे मान्य होऊ लागली. तरीही नुसती परीक्षा उत्तीर्ण होऊन, प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र हाती येण्यापूर्वी परतणारे आजही अडचणीत येतात. याकरिता माझा सल्ला असा की, ज्याला शक्य आहे त्याने येथील एम. डी. अथवा एम. एस. करूनच जावे, ज्याला ते शक्य नाही त्याने तेथील प्रमाणपत्र हाती पडेतो परतीची तारीख ठरवू नये.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेतील आपली मूळ नोंदणी परदेशात असताना कधीही रद्द होऊ देऊ नये. तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी ३० गुणांचे निरंतर शिक्षण दाखवावे लागते. सुटीवर येऊन एखाद्या वैद्यकीय चर्चासत्रास हजर राहिल्याने घरचे लोक रागावतात हे खरे, पण ती हजेरी पुढे फार मोलाची ठरते. परदेशातील वैद्यक परिषदेकडून सद्वर्तनाचा दाखला नोकरी सोडण्यापूर्वीच मागवावा. स्वतःच्या हाताने केलेल्या प्रक्रियांची नोंदवही वरिष्ठांच्या सहीनिशी पूर्ण करून घ्यावी. वरिष्ठ निवृत्त होतात, रुग्णालये एकमेकांत विलीन होतात आणि दप्तरे तळघरात जातात.

वडिलार्जित जमीन असेल तर तिचाही विचार याच ओघात झाला पाहिजे. परदेशाचे नागरिकत्व घेताच भारताचे संपते, आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. २००५ पासून सुरू झालेले ‘ओव्हरसीज सिटिझन’चे कार्ड घेतल्यास डॉक्टरला येथे व्यवसाय करता येतो, परंतु शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली तेवढी राखता येते. आईवडिलांमागे सातबाऱ्यावर वारसनोंद वेळेवर करून घ्यावी. भावाच्या नावे परदेशातून कुलमुखत्यारपत्र पाठविले, तर ते येथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, ही बारीक अट माहीत नसल्यामुळे भावाभावांत निष्कारण बखेडे झालेले मी पाहिले आहेत.

पैशासंबंधी थोडेच सांगतो. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी राहिलेल्यास परतल्यावर काही काळ ‘निवासी, परंतु सामान्यतः निवासी नसलेला’ असा दर्जा मिळतो आणि त्या मुदतीत परदेशातील उत्पन्नावर येथे कर बसत नाही. तेथील व्यवहार मिटवावयाचे ते त्याच काळात मिटवावे. इंग्लंडच्या आरोग्यसेवेचे निवृत्तिवेतन येथे राहूनही महागाईप्रमाणे वाढत जाते. पण तेथील सरकारी वृद्धापवेतन भारतात राहणाऱ्याला ज्या आकड्यावर सुरू होते त्याच आकड्यावर कायमचे गोठते, याचा हिशेब आधीच धरावा.

मी परतलो आणि प्रथम एका मोठ्या शहरातील खाजगी रुग्णालयाशी बोलणी झाली. वेतन चांगले होते, खोली प्रशस्त होती. परंतु करारपत्रासोबत जो तोंडी खुलासा झाला त्यात दरमहा किती रुग्ण दाखल व्हावेत आणि किती जणांच्या मेंदूची छायाचित्रे काढली जावीत याची अपेक्षाही होती. मी नमस्कार करून उठलो. परतणाऱ्या विशेषज्ञाकडे कित्येक ठिकाणी असेच, रुग्ण ओढून आणणारी पाटी म्हणून, पाहिले जाते. म्हणून करार लेखी मागावा आणि तोंडी अपेक्षांचाही मसुदा करून द्या असे नम्रपणे सांगावे. तसा मसुदा मिळाला नाही, तर जे समजावयाचे ते समजते. व्यवसायात बसल्यावर दुसरे संकट दलालीचे. रुग्ण पाठविल्याबद्दल त्याच्याच बिलातून वाटा देण्याघेण्याची ही रीत इतकी रुळली आहे की ती नाकारणारा उद्धट ठरतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी केंद्राकडून आलेला असा धनादेश परत करून वैद्यक परिषदेकडे उघड तक्रार केली, त्या धैर्याला मी मनोमन वंदन करतो. मी स्वतः केले ते एवढेच की, पाठविणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला, इंग्लंडातील रिवाजाप्रमाणे, निदान आणि उपचार सविस्तर कळविणारे पत्र लिहू लागलो, आणि रुग्णालाही त्याच्या आजाराचा एक पानी मराठी गोषवारा देऊ लागलो. वाटा न मिळाल्याने काही जणांनी रुग्ण पाठविणे थांबविले. पत्र मिळाल्याने काही जणांनी सुरू केले. दुसऱ्या गटाची संख्या पहिल्यापेक्षा मोठी व्हावयास वेळ लागला, आणि तेवढा वेळ काढता येईल इतकी शिल्लक गाठीशी असावी.

पण माझी खरी कसोटी लागली ती रोगांपुढे. ब्रिटनमध्ये विषारी साप एकाच जातीचा. आमच्या तालुक्यात पावसाळा सुरू झाला की नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचेही रुग्ण येतात. जमिनीवर निजलेल्या शेतमजुराला रात्री मण्यार चावते, दंश दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, आणि डॉक्टरला विंचू-सापाची शंकाच आली नाही तर श्वास थांबतो. माझ्याहून कितीतरी लहान, तालुक्याबाहेर कधी न गेलेल्या एका फिजिशियनने मला नव्या, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे थोडेसे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलविता ठेवावयास आणि मग तिरपी करून पाहावयास शिकविले. रक्त गोठले नसेल तर घोणस अथवा फुरसे समजून प्रतिविष लगेच सुरू करावयाचे. मेंदूच्या छायाचित्रांची बारीक चिकित्सा करणारा मी, त्या नळीसमोर विद्यार्थी होऊन उभा होतो, आणि त्यात मला कमीपणा वाटला नाही. विंचूदंशात हृदयाचे रक्षण करणारे प्राझोसिन, ज्याचे कार्य बावस्करांनी महाडास बसून जगापुढे मांडले. कीटकनाशक प्यालेल्या शेतकऱ्याला तासातासाला मोजून द्यावयाचे अट्रोपिन. तरुण मुलीच्या डोकेदुखीआड लपलेला मेंदूच्या आवरणाचा क्षय. संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली हृदयाची झडप, जिचा ध्वनी इंग्लंडात मी जवळजवळ विसरून गेलो होतो. हे सर्व मला नव्याने शिकावे लागले.

आणखी एक गोष्ट शिकावी लागली, तिच्याविषयी ग्रंथांत फार थोडे आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेत, ती १९४८ साली स्थापन झाल्यापासून, रुग्णाला उपचाराच्या वेळी पैसे मोजावे लागत नाहीत. मी औषध लिही तेव्हा त्याची किंमत माझ्या मनात येत नसे. येथे पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी नवऱ्याच्या खाटेशी उभे राहून विचारले, ‘डॉक्टर, किती खर्च येईल ते सांगा, म्हैस विकायची तर बाजार उद्याच आहे.’ त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे शिक्षण मला कोणी दिले नव्हते. आज मी प्रत्येक तपासणीपूर्वी स्वतःला विचारतो की हिच्या उत्तराने माझा उपचार बदलणार आहे काय. बदलणार नसेल तर ती लिहीत नाही. परतणाऱ्यांनी आपल्या गावातील औषधांच्या, तपासण्यांच्या आणि खाटांच्या किमती तोंडपाठ कराव्यात, आणि त्या किमती रुग्णाच्या नातलगांना रोगनिदानाइतक्याच आदराने सांगाव्यात. रुग्णसेवा ग्राहक कायद्याखाली येते असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले आहे. इंग्लंडात निष्काळजीपणाच्या दाव्याची जोखीम रुग्णालयाने उचलली असते, येथे ती आपल्या शिरावर, म्हणून विम्याची तरतूद पहिल्या दिवसापासून असावी.

माझ्या पत्नीची हकीकत निराळी, आणि ती सांगितल्यावाचून हे लेखन पुरे होणार नाही. ती भूलतज्ज्ञ. तेथे तिची जागा माझ्याहून कनिष्ठ होती, मुलांसाठी तिने अर्धवेळ काम पत्करले होते. परंतु येथे येताच आठवड्याच्या आत तिला तीन शस्त्रक्रियागृहांतून बोलावणी आली. श्वासनलिकेत नळी घालणे लँकेशायरमध्ये आणि कोयनाकाठी सारखेच असते. पतिपत्नींपैकी कोणाचे कौशल्य कोणत्या देशात उभे राहते याचा हिशेब न मांडता, ज्याचे वेतन मोठे त्याच्या मताने निर्णय घेण्याची जी पद्धत आपल्या लोकांत आहे ती मला अन्यायाची वाटते. भूलशास्त्र, प्रसूतिशास्त्र, बालरोग, अस्थिरोग, सामान्य शस्त्रक्रिया ही शास्त्रे घेऊन येणाऱ्याची गरज प्रत्येक तालुक्याला आहे. ज्याचे कौशल्य एकाच यंत्राशी बांधलेले आहे त्याने ते यंत्र ज्या शहरात आहे तेथेच परतण्याचा विचार करावा.

मुलांच्या वयाबाबत मी आग्रहाने सांगतो की दहा-अकरा वर्षांच्या आत परतावे. माझी मुले त्या वयाच्या अलीकडे होती, वर्षभरात ती आजीशी भांडू लागली, आणि तेव्हा मी निश्चिंत झालो. चौदा-पंधरा वर्षांची मुले घेऊन आलेल्या माझ्या दोन स्नेह्यांना, मुलांच्या हट्टामुळे, परत जावे लागले. मुले तेथील नागरिक असली तरी विद्यापीठात तेथील रहिवाशांचे कमी शुल्क मिळावयास आधीची तीन वर्षे तेथे वास्तव्य लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

परदेशाच्या दारावर तरी किती विसंबावयाचे? २००६ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या सरकारने परवान्यावाचून प्रशिक्षण घेण्याची सवलत एका फर्मानाने काढली, तेव्हा परीक्षा उत्तीर्ण होऊन बसलेली कित्येक भारतीय मुले तेथे गुरुद्वारांत जेवून आणि दाटीवाटीच्या खोल्यांत राहून दिवस काढीत होती. २०२५ च्या जुलैतील त्यांच्या दहा वर्षांच्या आराखड्यातही प्रशिक्षणाच्या जागांसाठी तेथील पदवीधरांना अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर झाले आहे. अमेरिकेच्या जे-वन व्हिसावर जाणाऱ्या डॉक्टरला प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी काढण्याचे बंधन कायद्यानेच घातले आहे, आणि डॉक्टरांची वाण असलेल्या भागात तीन वर्षे काम करून त्यातून सूट घेण्याची वाटही त्याच कायद्यात आहे; आपली मुले त्या सुटीचीच चौकशी करतात, त्या दोन वर्षांची करीत नाहीत. ती दोन वर्षे आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात काढली तर परतीची रंगीत तालीमच होईल, असे मी त्यांना सांगत असतो.

माझ्या मते परतण्याची उत्तम वेळ म्हणजे विशेषज्ञ म्हणून नोंद झाल्यानंतर एक-दोन वर्षे स्वतंत्र जबाबदारीने काम करून घेतल्यावर, आणि हात रिकामे होण्यापूर्वी. येऊन लगेच कर्ज काढून स्वतःचे रुग्णालय बांधू नये. पहिले सहा महिने तरी स्थानिक सहकाऱ्याच्या अतिदक्षता कक्षात, त्याच्या हाताखाली, काम करावे. आणि त्याही आधी, परतीच्या दोन-तीन वर्षे अगोदरच्या सुटीत, ज्या गावी बसावयाचे तेथील उपजिल्हा रुग्णालयात रीतसर परवानगी घेऊन जावे, मागील वर्षाचे आंतररुग्णांचे रजिस्टर पाहावे, कोणत्या महिन्यात कोणते रोग आले आणि त्यांपैकी कोणते जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागले याचा तक्ता करावा, आणि तो घेऊन परत जावे. त्या तक्त्यातील जे आपणास येत नाही ते उरलेल्या मुदतीत शिकता येते. क्षयाचे रुग्ण लंडन, बर्मिंगहॅम, लेस्टर येथील छातीच्या विभागांत आजही पाहावयास मिळतात. लिव्हरपूलच्या १८९८ साली स्थापन झालेल्या उष्णकटिबंधीय वैद्यकशाळेत तीन महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम आहे, आणि तो रजिस्ट्रार असतानाच करून घ्यावा, कारण कन्सल्टंट झाल्यावर तेवढी रजा मिळत नाही.